विहीर बाटली त्या हिवाळ्यात

जानेवारीत नाशिकला सकाळी धुकं उतरतं, त्याला गंधकाचा वास असतो. शहरात नव्यानं राहायला आलेल्यांना तो ओळखू येत नाही. द्राक्षाच्या वेलींवर भुरी पडू नये म्हणून बागायतदार गंधकाची भुकटी उडवतात आणि गार हवा तो वास जमिनीलगत धरून ठेवते. हल्ली थंडीचा नेम उरलेला नाही. ऐन पौषात पंखा लावावा लागतो, आणि स्वेटर कपाटात गेले की गारा येऊन तयार घड झोडपून जातात. तरी वर्षातून दोन-चार सकाळी अजून जुन्या वळणाच्या येतात. आज तशी एक आली. गॅलरीत चहाचा कप धरून उभी होते, वास आला, आणि जुना राग अंगात उठून बसला.

होय, राग. थंडी पडली की लोकांना शेकोटी आठवते, हुरडा आठवतो, आईनं विणलेली टोपी आठवते. मला माझा राग आठवतो. इतकी वर्षं मी तो सांभाळून ठेवला आहे आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

पंच्याऐंशी साल लागलं तेव्हाचा तो हिवाळा. डिसेंबरात भोपाळची बातमी आली होती. वर्तमानपत्रातले ते फोटो बघून आमच्या कॉलनीतल्या बायका नळावर भांडायच्या थांबल्या होत्या. मी तेव्हा गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. सव्वीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली, आणि कायम न झालेली. दर जूनला नेमणुकीचा नवा कागद मिळायचा. काम म्हणाल तर ब्युरेटी धुवायच्या, द्रावणं करून ठेवायची, आणि प्राध्यापक शिकवत असताना मागं उभं राहायचं. आमच्या बौद्ध वस्तीत मात्र मला ‘कॉलेजातली बाई’ म्हणत. आई हे ऐकलं की पदर सारखा करायची.

कॉलेजनं त्या वर्षी पर्यावरणावर परिषद भरवायची ठरवली. तो शब्दच इतका नवा होता की रंगाऱ्यानं कापडी फलकावर ‘पर्यायवरण’ लिहिलं आणि प्राचार्यांनी ते बघून मान डोलावली. आमचे विभागप्रमुख देव सर हळूच गेले आणि त्यांनी मधला ‘य’ पुसून घेतला. देव सर असेच होते. चूक दिसली की त्यांना झोप लागायची नाही, पण ती मोठ्यानं बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. जे काही करायचं ते हळूच.

परिषदेत वाचायचा निबंध त्यांनी वर्षभर आधीच मनात धरला होता. शहराच्या भोवतालच्या बारा विहिरींचं पाणी तपासायचं, दर रविवारी एक विहीर. एकदा मला म्हणाले, “निर्मलाबाई, तुम्ही रविवारी काय करता?”

“धुणं,” मी म्हटलं.

“थोडं माझं पण काम कराल का? बाटल्या भरून आणायच्या. निबंधावर तुमचं नाव घालीन.”

नाव घालीन म्हणाले ते खरं केलं त्यांनी. त्या काळी सहायकाचं नाव कोण घालतं? मी भाड्याची लेडीज सायकल घेतली, कॅरिअरला लाकडी खोका बांधला, आणि रविवारची गावं हिंडू लागले. सकाळी हात इतके गारठायचे की ब्रेक दाबलेला कळायचा नाही. तोंडातून वाफ, बाजूला मेथीचे वाफे, बागांतून गंधकाचा पिवळसर धूर. मला ते दिवस फार आवडायचे, हे आधी सांगायला हवं. नाहीतर वाटेल की मी कुणाचा सूड घ्यायला निघाले होते. मी नुसती पाणी आणायला निघाले होते.

अंबडच्या पलीकडे एक गाव आहे, ते माझं आजोळ. कारखान्यांची वसाहत तेव्हा गावाच्या चढावर वाढत चालली होती आणि गाव खाली उतारावर होतं. तिथली ठकूबाईंची विहीर यादीत आली, कारण ती गावातली सर्वांत जुनी आणि कधी न आटलेली. ठकूबाई साठीच्या, विधवा, नऊवारी लुगड्यातल्या, चार एकरांच्या धनीण. मी विहिरीवर उभी राहून बाटलीवर तारीख लिहीत होते. त्या मेथी खुडता खुडता उठून आल्या.

“तू कुनाची गं?”

“कोंडाबाईची नात. वस्तीतल्या.”

त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली. कोंडाबाई म्हणजे माझी आजी, आईची आई. ती या विहिरीशी रिकामी घागर घेऊन तासन्‌तास बसायची. कुणी सवर्ण बाई आली आणि तिच्या मनात आलं, तर वरून तिच्या घागरीत पाणी ओतायची. नाही आलं तर नाही. आजीला विहिरीचा दोर उभ्या आयुष्यात हातात मिळाला नाही. हे मला माहीत होतं, आणि ठकूबाईंनाही माहीत होतं.

“माझी सासू वाढायची तुझ्या आजीला पानी,” त्या म्हणाल्या. “लय वरनं वाढायची. निम्मं भुईवर जायचं.”

“आई सांगते,” मी म्हटलं.

ठकूबाईंनी पोहरा उचलला, दोर सोडवला आणि माझ्या हातात दिला. “घे. तूच काढ.”

मी काढलं. पाणी वर आलं आणि दोघींनी पोहऱ्यात वाकून बघितलं. हळदीचा हात धुतल्यावर राहतं तसं ते पिवळसर होतं.

“दोन वरसं झाली,” त्या म्हणाल्या. “साबनाला फेस नाय. डाळ शिजवाया ठेवली तर सरपान संपतं, डाळ तशीच. म्हशीला बी प्यावंसं वाटत नाय. इहीर बाटली गं माझी.”

बोलल्या आणि त्यांनी जीभ चावली. आमच्यासारख्यांच्या स्पर्शानं व्हायचं त्याला या गावात हाच शब्द होता. दोनशे वर्षं तरी असेल. माझ्या एका हातात काचेची बाटली, समोर बाटलेली विहीर, आणि मी, जिच्या आजीमुळे ती बाटू नये म्हणून सारं गाव जपत आलेलं. मला हसू आलं. आधी बारीक आलं, मग आवरेना. ठकूबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्याही हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

सायकलवर परत येताना मात्र मला हसू आलं नाही.

सोमवारी प्रयोगशाळेत मी ते पाणी देव सरांच्या समोर ठेवलं. त्यांनी रंग बघितला आणि कपाटातून एक छोटी बाटली काढली. तिच्यातल्या पांढऱ्या भुकटीचं द्रावण ताजं करायचं, पाण्यात आधी आम्लाचे थेंब टाकायचे आणि मग ते द्रावण. पाण्यात विषारी जातीचं क्रोमियम असेल तर रंग जांभळा होतो. नसेल तर काहीच होत नाही. मी थेंब सोडले. परीक्षानळीत आधी गुलाबी धागा उतरला आणि बघता बघता सगळं पाणी पिकलेल्या जांभळासारखं झालं.

सरांनी तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा ते स्टुलावर बसले. “हे मातीतून येत नाही, निर्मलाबाई,” ते म्हणाले. “हे मुलामा चढवण्याच्या टाकीतून येतं. विहिरीच्या वर असं काही आहे का?”

होतं. चढावर, विहिरीच्या बरोबर वर, एक कारखाना होता. लोखंडी सुट्या भागांवर चकचकीत मुलामा देणारा. मला तो चांगला माहीत होता. माझा धाकटा भाऊ दिनू तिथे कामाला होता.

वडील गेल्यावर आईनं भांडी घासून आम्हा दोघांना वाढवलं. दिनू आयटीआय झाला, दीड वर्ष हंगामी राबला, आणि मग कायम झाला. आमच्या घराण्यात कायम नोकरी लागलेला पहिला माणूस. त्या दिवशी आईनं विहारात मेणबत्त्या लावल्या आणि गल्लीत पेढे वाटले. तो प्लेटिंगच्या टाकीवर होता. बोटांची टोकं पिवळी पडलेली. रोज सकाळी नाकातून रक्त यायचं. थंडीनं येतं म्हणायचा. उन्हाळ्यातही यायचं, तेव्हा उन्हानं येतं म्हणायचा. आई मिरचीची फोडणी टाकायची तेव्हा आम्ही सगळे खोकत बाहेर पळायचो. दिनू आत शांत बसून पेपर वाचत असायचा. त्याला वास येईनासा झाला होता, आणि हे आम्ही चेष्टेवारी नेत होतो. जांभळ्या रंगाच्या त्या सोमवारनंतर मला ती चेष्टा करता येईना.

त्या रात्री जेवताना विहिरीचं सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, “दिनू, नाक दाखव.”

“कशाला?”

“डॉक्टरला दाखवू. पडदा जळतो त्या वाफेनं. भोक पडतं.”

तो ताटावरून उठला. “ताई, नाशकात विहिरी कमी पडल्या का गं तुला? नेमकी माझ्या कंपनीखालची घेतलीस?”

“मी नाही घेतली. यादीत होती.”

“मग यादीतनं काढ. मला काढतील, कळतंय का? बहीण कंपनीविरुद्ध बोंबलते म्हणून मला काढतील.”

आई भाकरी थापत होती. तिनं तवा खाली उतरवला आणि म्हणाली, “निर्मला, त्याच्या पोटावर पाय देऊ नको.” मग तवा परत चढवत म्हणाली, “पण नाक दाखव रे तू.” दिनूनं दाखवलं नाही. त्या दिवसापासून त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. एका खोलीत तीन माणसं, आणि निरोप आईमार्फत.

आजकाल मला तरुण मुलं सभांना बोलावतात. हवामान बदल, शाश्वत विकास, मोठे मोठे शब्द, आणि त्यांच्यामागचा जीव खरा असतो, मला दिसतो. पण कुणीतरी हमखास विचारतं, उद्योगही हवेत ना, रोजगारही हवा ना, मग समतोल कसा साधायचा? विचारणाऱ्याचा स्वर फार समंजस असतो. मी त्याला विचारते, तुमच्या घरातलं कोण आहे टाकीवर? समतोलाची तागडी ज्यांच्या हातात असते ते सहसा तिच्या कुठल्याच पारड्यात बसलेले नसतात. आम्ही दोन्ही पारड्यांत होतो. एकात आजोळची विहीर, दुसऱ्यात भाऊ. आणि वरून मलाच सांगत होते, जरा तोल सांभाळा.

परिषदेच्या चार दिवस आधी प्राचार्यांनी देव सरांना बोलावून घेतलं. परिषदेच्या पिशव्या आणि दुपारचं जेवण कुणाकडून येणार होतं, ते मला तेव्हा कळलं. त्याच कारखान्याकडून. सर परत आले ते खिडकीशी उभे राहिले. बाहेर मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती.

“निबंध सगळा वाचू आपण,” ते म्हणाले. “अकरा विहिरी वाचू. फक्त ती बारावी नको.”

बारावी विहीर चौथ्या पानावर होती. पूर्ण पानभर, तक्त्यासकट. मी ते पान टाइप करून घ्यायला टायपिस्टकडे तीन खेपा घातल्या होत्या.

“सर, बाकीच्या अकरांत काहीच नाही,” मी म्हटलं. “निबंध त्या बाराव्या विहिरीचाच आहे.”

“मला कळतं ते,” सर म्हणाले. “माझी दोन वर्षं राहिली आहेत निवृत्तीला. हेही मला कळतं.”

ते वाईट नव्हते. भित्रे होते. भित्र्या माणसांवर मी तेव्हा फार चिडायचे. आता थोडं कमी चिडते, कारण पुढे जे झालं ते त्यांनीच केलं.

परिषदेच्या सकाळी सर गळ्याभोवती मफलर गुंडाळून आले. आवाज बसला आहे म्हणाले, घोगऱ्या स्वरात. “तुम्ही वाचाल का, निर्मलाबाई? फाइल तुमच्याकडेच आहे. तिच्यात किती पानं आहेत, ते मी मोजलेलं नाही.”

एवढं बोलून ते पहिल्या रांगेत जाऊन बसले.

मी धावत प्रयोगशाळेत गेले. ते द्रावण फार वेळ टिकत नाही, तपकिरी पडतं, म्हणून ताजं केलं. दोन परीक्षानळ्या घेतल्या, स्टँड घेतला. विहिरीचं पाणी ठकूबाई घेऊन येणार होत्या. मी आदल्या रविवारी त्यांना सांगितलं होतं, तर त्या म्हणाल्या, “मला बी येऊ दे. माझ्या इहिरीचं बोलनार, आन मी घरी?” सभागृहाच्या दारात शिपायानं त्यांना अडवलं. पास कुठाय म्हणाला. ठकूबाईंनी पदराखालचा तांब्या दाखवला. “माझी इहीर हाय आत. मला जाऊ दे.” शिपाई त्यांच्या गावच्या शेजारचाच निघाला. त्यानं दार उघडलं.

अध्यक्षस्थानी बाहेरगावचे एक थोर प्राध्यापक होते. प्रत्येकाला दहा मिनिटं, मग घंटी. माझ्या आधी एका गृहस्थांनी वनस्पतींच्या वर्गीकरणावर वाचलं, तेव्हा निम्मं सभागृह पेंगत होतं. मी उभी राहिले. माझी साडी साधी सुती, फिकट निळी, आणि हात गार. पहिली तीन पानं इंग्रजीत वाचली. अकरा विहिरी संपल्या. देव सर खाली मान घालून बसले होते. मी चौथं पान काढलं, टेबलावर ठेवलं आणि मराठीत बोलायला लागले.

अध्यक्ष पुढे वाकले. “इंग्लिश, प्लीज.”

“सर, ज्यांची ही विहीर आहे त्या शेवटच्या रांगेत बसल्या आहेत,” मी म्हटलं. “त्यांना कळायला हवं.”

सगळ्या माना मागं वळल्या. ठकूबाई तांब्या मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. मग त्या उठल्या, मधल्या वाटेनं सावकाश चालत आल्या आणि तांब्या माझ्या हातात देऊन तशाच परत गेल्या. त्या चालण्याला लागलेला वेळ माझ्या दहा मिनिटांतून गेला. तो अगदी योग्य ठिकाणी गेला.

मी एका नळीत कॉलेजच्या नळाचं पाणी घेतलं, दुसरीत तांब्यातलं. दोन्हींत आम्ल टाकलं, दोन्हींत द्रावण. पहिली तशीच राहिली. दुसरी जांभळी झाली. पेंगणारे जागे झाले. मागच्या रांगेतले उभे राहिले.

मी बोलले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण मी ते आधी लिहून ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, “माझ्या आजीच्या हातानं ही विहीर बाटेल, असं या गावात ठरलेलं होतं. म्हणून आजीला कधी दोर मिळाला नाही. आजीनं हात लावला असता तर पाण्यात काय फरक पडला असता, ते कुठल्याही प्रयोगशाळेत मोजता येत नाही, कारण फरक पडलाच नसता. आता पडला आहे. तो मोजता येतो. ज्यांच्यामुळे पडला त्यांना मात्र आज कुणी बाटवणारे म्हणत नाही. त्यांना आपण प्रायोजक म्हणतो.”

घंटी वाजली. मी थांबले नाही.

“बाई,” अध्यक्ष म्हणाले, “ही समाजशास्त्राची परिषद नाही.”

“म्हणूनच मोजून आणलं, सर.”

दुसऱ्या रांगेत सुटाबुटातले एक गृहस्थ बसले होते. ते कारखान्याकडून आलेत हे सगळ्यांना माहीत होतं. ते उठले. “या बाई प्राध्यापक आहेत का?” त्यांनी मला नाही, अध्यक्षांना विचारलं.

“नाही,” मीच म्हटलं. “मी इथे बाटल्या धुते. म्हणून मला माहीत आहे, बाटली स्वच्छ होती.”

कुणीतरी हसलं. कुणीतरी टाळी वाजवली आणि एकटीच वाजली म्हणून थांबवली. अध्यक्षांनी कागद उलटसुलट केले. “या निबंधाच्या चौथ्या पानाला विभागप्रमुखांची मान्यता आहे का?”

मी देव सरांकडे बघितलं नाही. खरंच नाही. मला भीती वाटली, की मी बघितलं तर ते ‘नाही’ म्हणतील. मी परीक्षानळ्या स्टँडमध्ये सरळ केल्या. मग पहिल्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“आहे,” देव सर म्हणाले.

एकच शब्द. सकाळपासून बसलेला घसा, आणि शब्द घंटेसारखा स्वच्छ.

दुपारचं जेवण आम्ही जेवलो नाही. मी आणि ठकूबाईंनी लिंबाखाली बसून त्यांच्या फडक्यातली भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. एक भाकरी, दोघींच्या मधे, एकाच फडक्यावर. “तू बोललीस ते समदं कळलं,” ठकूबाई म्हणाल्या. “पयली तीन पानं नाय कळली.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “त्यात काय नव्हतंच वाटतं.” तेवढ्यात देव सर आले, क्षणभर घुटमळले, आणि धोतराचा सोगा सावरत मातीत आमच्याजवळ बसले. ठकूबाईंनी विचारलं नाही, नुसता चतकोर तोडून त्यांच्या पुढे केला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांचंच असतं तसं आहे. परिषदेचं पुस्तक छापून आलं, त्यात आमचा निबंध तीन पानांचा होता. जूनला मला नवा कागद मिळाला नाही. देव सर माझ्यासाठी प्राचार्यांशी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं भांडले म्हणे, पण उपयोग झाला नाही. मी वणीला हायस्कुलात विज्ञान शिकवायला गेले आणि तिथे पंचवीस वर्षं राहिले. चौथं पान मी मराठीत लिहून काढलं, सायक्लोस्टाइल केलं आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत चिकटवलं. गावातली पोरं त्या कारखान्यात होती, त्यांच्या बापांनी काही कागद फाडले. मी परत चिकटवले. कारखान्याला शेवटी गाळणीची टाकी बांधावी लागली, गावाला नळ आला, आणि नळाचा पहिला फाटा वस्तीत आला. विहीर मात्र परत आली नाही. ठकूबाई गेल्या तोवर तिच्यावर लाल अक्षरांची पाटी होती. जमिनीत उतरलेलं विष माणसांच्या घाईनं वर येत नाही. हे मी विजय म्हणून सांगत नाही. हरलो असंही मी कुणाला म्हणू देत नाही.

दिनूची नोकरी गेली, हेही आत्ताच सांगून टाकते. त्यानं पुढे पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं, संसार केला. नाकाचा पडदा डॉक्टरांना दाखवला तेव्हा त्यांना त्यातून पलीकडचं दिसलं. आईच्या हातच्या फोडणीचा वास त्याला पुन्हा कधी आला नाही. आता सांगायची राहिली ती एकच दुपार, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे.

परिषदेत एक सरकारी अधिकारी आले होते. किडकिडीत, चष्मा लावलेले. सभागृहात ते अवाक्षर बोलले नाहीत, पण जाताना गावाचं नाव विचारून वहीत लिहून गेले. फेब्रुवारीच्या अखेरीस ते जीप घेऊन आले. थंडी सरत आली होती, बागांत घड भरले होते. कारखान्याच्या व्यवस्थापकानं त्यांना आतून सगळं फिरवून दाखवलं. नव्यानं रंगवलेली सांडपाण्याची टाकी, तीत नितळ पाणी. मग अधिकारी म्हणाले, मागची बाजू बघू. मागे भिंतीच्या बाहेर उतार होता, घाणेरीची झुडपं होती, आणि आम्ही होतो. ठकूबाई, गावातल्या दहा-पंधरा बायका आणि मी.

“इकडे काही नाही, साहेब,” व्यवस्थापक म्हणाला. “सगळं पाणी टाकीतच जातं.”

अधिकाऱ्यांनी झुडपांत काठी घालून बघितली. माती, पालापाचोळा. बायका म्हणाल्या, पानी हितनंच येतं. कुठनं ते मात्र कुणाला दाखवता येईना. अधिकाऱ्यांनी वही मिटायला घेतली.

तेवढ्यात मागचं लोखंडी दार उघडलं. दिनू बाहेर आला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, पुढे डागाळलेलं एप्रन. दीड महिना तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. आताही त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. व्यवस्थापकाच्या अंगावरून तो तसाच पुढे गेला, झुडपांशी वाकला, हातानं माती सारली. खाली शहाबादी फरशी होती. दोन्ही हातांनी त्यानं ती ओढून बाजूला केली. खालच्या नळाच्या तोंडातून पिवळं पाणी अजून ठिबकत होतं.

“इथनं जातं, साहेब.”

“दिनकर,” व्यवस्थापक म्हणाला, “आत जा.”

दिनू तिथेच उभा राहिला. “रोज सकाळी पाळी बदलायच्या आधी सोडतात,” तो अधिकाऱ्यांना म्हणाला. मग एकदम थांबला. एप्रनला हात पुसले. “सोडतात म्हणजे, मीच सोडतो. दोन वर्षं झाली. मला सांगितलं, मी सोडलं. तसं लिहून घ्या.”

अधिकाऱ्यांनी वही उघडली. लिहायला लागले, आणि पेन थांबलं. त्यांनी दिनूकडे बघितलं, मग व्यवस्थापकाकडे, आणि हलक्या आवाजात म्हणाले, “एका कामगारानं सांगितलं, एवढं लिहिलं तरी चालेल. नाव नको.”

“नाव लिहा,” दिनू म्हणाला.